पयल्या पानावरचा शेवट

नांदे,
१२ सप्टेंबर २०२४

पेन्सिलवाले यांना,

नाव माहीत नाही, म्हणून असं लिहिते. घोटावड्याच्या वाचनालयातली पुस्तकं आमच्या सोसायटीत दुधाच्या टेम्पोबरोबर येतात. गेल्या तीन कादंबऱ्यांच्या पहिल्या पानावर तुमची पेन्सिल भेटली. 'लाल छत्रीचा पंचनामा'वर: 'खून जावयानी केलाय. उगा तीनशे पानं घालवू नका.' 'तिसऱ्या विहिरीचं पाणी'वर: 'पाणी लागत न्हाई. पाटील मरतो. बैल त्याच्या आधीच.' आणि त्या जाड लढाईच्या कादंबरीवर नुसतंच: 'हारत्यात.'

ग्रंथपाल सुलक्षणाबाई फोनवर सांगत होत्या, सभासद चिडलेत. हैबतराव म्हणून कोणी आहेत, ते तुम्हाला पकडायला वाचनालयात कपाटामागे खुर्ची टाकून बसतात म्हणे.

मी मात्र आभार मानायला लिहितेय. माझ्या यजमानांची, दादासाहेबांची, नजर काचबिंदूनं गेली. रोज चारच्या चहानंतर मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. तेव्हा घरात आम्ही दोघंच असतो. मुलगी स्वरदा हिंजवडीला कामाला, तिच्यासाठीच आम्ही जळगाव सोडून इथं आलो. मला कुठलीही कादंबरी चालते, फक्त लहान मूल मरतं अशी चालत नाही. आमचा एक मुलगा नऊ वर्षांचा असताना तापात गेला. त्याच्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही. मोठ्यानं वाचताना तसलं पान समोर आलं तर मी काय करायचं?

म्हणून विनंती, की प्रत्येक पुस्तकावर तेवढं जरूर लिहा: पोर वाचतं की नाही. तुमच्या भरवशावर मी पुस्तक उघडेन.

चिठ्ठी पुस्तकातच ठेवतेय. पुस्तकं तुमच्या हाताखालून जातात, तेव्हा सापडेलच. फक्त टेम्पोवरच्या त्या दूधवाल्या पोराला यातलं काही कळू देऊ नका. भारी द्वाड आहे. परवा वॉचमनला डुलकी लागलेली बघून त्याच्या खुर्चीला रिकामे कॅन बांधले आणि मग हॉर्न वाजवला.

साधना,
फ्लॅट सहाशे दोन


घोटावडे,
१६ सप्टेंबर

काकू,

तुमची चिठ्ठी घावली. आजपातूर घरी पत्र आलं त्ये फकस्त शाळेतनं, आन तेबी बापाच्या नावानं. म्हणून तुमचं चार येळा वाचलं.

पयलं त्या टेम्पोवाल्या पोराचं सांगतो. त्याला मी वळखतो. मनानं वाईट न्हाई. वॉचमन जागा ऱ्हावा म्हणून त्यानं त्ये केलं. समाजसेवाच हाय ती.

आता पुस्तकांचं. 'लाल छत्री'तला जावई पयल्याच पानावर भर मे महिन्यात हातमोजं घालून हिंडतोय. तरी त्या इन्स्पेक्टरला शेवटपातूर कळंना. ह्याला भरती कुणी केला? 'तिसऱ्या विहिरी'त पाटील सुरवातीलाच हातावर नारळ धरून जमिनीखालचं पाणी बघतोय. तितंच मी म्हणलं, गेलं ह्येचं. आमच्या वाडीतबी एकानं नारळावर पाणी बघून तीन खड्डं पाडलं. त्यात आता पोरं लपाछपी खेळत्यात.

हैबतरावांचा राग बरोबर हाय. 'लाल छत्री'साठी त्यांनी लई दिवस नंबर लावून ठिवला व्हता, आन ज्याला त्याला सांगत व्हते, खुनी मी पन्नास पानात वळखतो. म्हणून त्यांच्यासाठी मी पयल्याच पानात वळखून ठिवला. तिथनं सवय लागली.

तुमचं काम करतो. पोर वाचतं का न्हाई त्ये पयल्या वळीला, बाकी खाली. तुमी बिनघोर वाचा.

सोबत 'पत्ता बदलला आहे' देतोय. त्यात पोरंच न्हाईत. बाई नवऱ्याला सोडून जाती आन शेवटी माघारी येती. माझं मत: येडी हाय.

पेन्सिलवाला


नांदे,
९ ऑक्टोबर

पेन्सिलवाले,

'पत्ता बदलला आहे' संपलं. तुमचं मत मला पटलं नाही. ती वेडी नाही. नवऱ्यानं तिचं शिवणाचं मशीन विकलेलं असतं. ती गेल्यावर तो ते गावोगाव हिंडून शोधतो, परत आणतो, तेल घालून ठेवतो आणि तिला कळवतसुद्धा नाही. जवळजवळ शंभर पानं हेच चाललंय, आणि तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. एकूणच तुम्ही मधलं कधी लिहीत नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

शेवट मात्र मलाही कच्चा वाटला. तिनं दारातून आत पाऊल टाकल्यावर लेखकानं गप्प बसायचं होतं. उगाच दोन पानं तात्पर्य सांगितलंय.

दादासाहेबांना तुमच्या ओळी आवडतात. कप खाली ठेवला की विचारतात, "पेन्सिल काय म्हणते?" 'येडी हाय' ऐकून इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. नजर गेल्यापासून ते असे हसले नव्हते. पोराबद्दलची ओळ मात्र मी त्यांना वाचून दाखवत नाही. ती माझी माझ्यापुरती.

पुढचं जरा मायेचं पाठवा. खून आणि विहिरी पुरे झाल्या.

साधना


घोटावडे,
२१ ऑक्टोबर

काकू,

मधलं लिवत न्हाई कारण मधी काय नसतंय. मधी झाडं, पाखरं, आन मान खाली घालून बसलेली माणसं. शिवणाच्या मशीनचं माझ्या ध्यानात व्हतं, पर तुमची मजा जाईल म्हणून बोललो न्हाई.

दादासाहेब हसले ह्ये वाचून मला कसंतरीच झालं. चांगल्या अर्थानं.

मायेचं मागितलं म्हणून 'उशिराचं ताट' काडलं. जुनं हाय, पाठ सुटत आलीया, जपून उघडा. नदीकाठी घर, आय आन तिचं एक पोरगं. पोरगं वाचतं. पयल्या पानावर लिवलंय, खाली दोन रेघा वडल्यात. शेवटाला पोरगं नदीवरनं येतं, केस वले, दारात उभं ऱ्हातं. आय म्हणती, उशीर केलास. आन ताट वाढती. यवढंच. मालकानं मला इचारलं, डोळं का लाल. मी म्हणलं, धूर.

माझं मत: असली पुस्तकं जास्त छापली पायजेत.

पेन्सिलवाला


नांदे,
६ नोव्हेंबर

पान दोनशे बारावर तो मुलगा नदीत बुडतो.

मी वाचत होते, मोठ्यानं, अगदी निर्धास्त. तो पाण्यात उतरला तेव्हासुद्धा आवाज हलला नाही माझा, कारण तुम्ही दोन रेघा ओढल्या होत्या. 'पाण्यावर नुसती त्याची टोपी होती' इथपर्यंत वाचलं आणि थांबले. दादासाहेब म्हणाले, "वाच पुढे." मी म्हटलं, "चष्मा सापडत नाही." चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांना दिसत नाही, म्हणून खपलं.

नंतर त्यांच्या नकळत शेवटचं पान उघडलं. दारात जो येतो तो त्या बाईच्या मनात येतो. पुस्तक वाचलेल्या कुणालाही ते कळेल.

तुम्ही वाचलं होतं का? उत्तर नको. आता पुस्तकंही नकोत.

साधना


घोटावडे,
८ नोव्हेंबर

काकू,

उत्तर नको म्हणला तरी देतोय. न्हाई वाचलं.

कंचंच वाचलं न्हाई. पयली चार पानं आन शेवटचं एक, तेवढ्यावर समदं रेटलं. डेअरीवर आपल्या दुधाचा नंबर लागंपातूर तेवढंच वाचून व्हतं. खुनाच्या पुस्तकाला तेवढं पुरतं. शेवटच्या पानावर पोरगं दारात उभं व्हतं, आयशीसंगं बोलत व्हतं. बोलणारं पोरगं मेलेलं आसंल, ह्ये माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

आन आजून एक. टेम्पोवरचा त्यो द्वाड पोरगा मीच. कान्हू. पुस्तकांची पिशवी मीच घोटावड्यात घेतो आन तुमच्या गेटवर देतो. काल तुमी पिशवी माघारी दिली तवा माझ्याकडं बघितलंबी न्हाई. "आता नको आणूस" म्हणला. मी हॉर्न न वाजवता गेलो. वॉचमन म्हणला, बरं न्हाई का रं तुला.

त्ये पुस्तक मी वाचनालयात दिलं न्हाई. डेअरीवर कॅन धुवायला पाणी तापवत्यात, त्या चुलीत घातलं. दोनशे बारा पान उघडायची हिंमत झाली न्हाई. सुलक्षणाम्याडमला सांगितलं, हरवलं. आता त्ये कुणाच्याच घरात जायचं न्हाई. तेवढं तरी एक नीट केलं.

ह्ये पत्र तुमच्या दुधाच्या पातेल्याखाली ठिवतोय. वाचू वाटलं तर वाचा.

कान्हू


नांदे,
५ डिसेंबर

कान्हू,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. रोज गेटवर दूध घेत होते आणि तू खाली बघत होतास, मीही खाली बघत होते. पेन्सिलवाला तूच, हे वाचून राग होता तरी हसू आलं होतं. तेही तुला सांगितलं नाही.

आता जे लिहितेय ते नीट वाच. पहिल्या ओळीपासून, मधलंसुद्धा.

त्या दिवसानंतर दादासाहेब रोज चार वाजता विचारायला लागले, "चष्मा सापडला का?" मी रोज नाही म्हणायचे. पंधरा दिवसांनी एकदा म्हणाले, "साधना, तो तुझ्या नाकावर आहे. तू तो वर सरकवतेस त्याचा आवाज मला येतो." मग म्हणाले, "अनिमेष बुडाला नाही, तापानं गेला. ते पुस्तक वेगळं आहे. वाच."

अनिमेष आमचा मुलगा. हे नाव आमच्या घरात छत्तीस वर्षांनी उच्चारलं गेलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कूकर लावायचा म्हणून. कूकर झालेला होता.

त्यांना पुस्तकातला मुलगा कसा बुडाला ते ऐकायचं नाहीय. ते म्हणतात, "त्या बाईनं पुढे काय केलं ते मला ऐकायचंय. आपण तर काहीच केलं नाही. बदली मागून घेतली आणि ते गाव सोडून जळगावला गेलो."

मी ते त्यांना त्याच दिवशी वाचून दाखवायला हवं होतं, पुस्तक हातात होतं तेव्हा. आता त्यांची तब्येत उतरत चाललीय. जेवण जवळपास बंद आहे. डॉक्टर बोलतात ते स्वरदाला बाजूला घेऊन बोलतात. आणि पुस्तक तू जाळलंस. मी तुला दोष देत नाही. आधी मी मिटलं, मग तू जाळलंस.

दुसरी प्रत कुठे मिळाली तर आण. लवकर आण.

साधना


घोटावडे,
१३ डिसेंबर

काकू,

पौडला गेलो, तितल्या वाचनालयात न्हाई. पुण्याला आप्पा बळवंत चौकात समदी दुकानं पालथी घातली. एक जुना दुकानदार म्हणला, नाव ऐकलंय, छापणारा वारला, आता ती मिळायची न्हाई. फूटपाथवरच्या रद्दीतबी बघितलं. सुलक्षणाम्याडमला खरं काय त्ये सांगितलं. त्यांनी नुस्तं कपाटातल्या त्या मोकळ्या जागंकडं बघितलं. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हैबतराव तितंच व्हते. त्यांनाबी सांगितलं, पेन्सिल माझी. त्ये म्हणले, "मला वाटलंच व्हतं." पन्नास पानात न्हाई वळखलं, पर जाऊ द्या.

काकू, त्या पुस्तकातलं मला एकच पान म्हाईत हाय, शेवटचं. त्ये मात्र पाठ झालंय, कारण तुमचं पत्र आल्यापास्नं डोक्यातनं जाईना. दादासाहेबांनी इचारलं ना, बाईनं पुढं काय केलं. त्ये त्याच पानात हाय. त्या लेखकाची भाषा मला येत न्हाई, माझ्या भाषेत लिवतोय.

सांजंला समद्यांची जेवणं व्हत्यात. बाई चूल इझवत न्हाई. एक ताट मांडती, भाकरी झाकून ठिवती, आन दारात बसती. शेजारीण म्हणती, आता कुणाचं ऱ्हायलंय? बाई नदीकडं बघती. मंग नदीकडनं पावलं वाजत्यात. पोरगं येतं, केस वले. ती म्हणती, उशीर केलास. त्यो म्हणतो, पाणी लई व्हतं. ती म्हणती, आसू दे, बस. त्यो बसतो. ती झाकण काडती. भाकरी आजून ऊन आसती.

आन पुस्तक संपतं.

मी तवा वाचलं, तर मला वाटलं पोरगं त्या दिवशी आलं. आता वाटतंय, ती रोजच वाढत आसंल.

कान्हू


नांदे,
१८ डिसेंबर

कान्हू,

वाचलं. तुझ्याच भाषेत वाचलं, 'आसू दे, बस' तसंच. सुधारून वाचायला गेले तर जमेना.

दादासाहेब उशीला टेकून ऐकत होते. संपल्यावर मला म्हणाले, "पुन्हा." पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पोरगं वाचलं?"

मी म्हटलं, "हो. वाचलं."

तुझी पहिल्या पानावरची ओळ म्हटली मी. मला ती त्यांना कधी ऐकवायची नव्हती. खोटी आहे हे माहीत असून म्हटली. दोन रेघा ओढून म्हटली, असं समज.

ते म्हणाले, "मग वाढ." खूप दिवसांनी त्यांनी आपण होऊन जेवण मागितलं. तिघांची मांडून झाल्यावर मी फडताळातून चौथं ताट काढलं, हातात धरलं, आणि परत ठेवून दिलं. स्वरदा समोर होती, तिला काय वाटेल म्हणून. दादासाहेबांना ताटाचा आवाज ऐकू गेला असणार. त्यांना सगळे आवाज ऐकू जातात. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भात-वरण खाल्लं थोडं.

ते ताट मांडायला हवं होतं, कान्हू.

साधनाकाकू


घोटावडे,
२० जानेवारी २०२५

काकू,

दादासाहेब गेल्याचं वॉचमननं सांगितलं. मी वर यायला निघालो व्हतो. लिफ्टपातूर आलो. अंगाला दुधाचा वास येत व्हता, पायात चिखल, वर समदी तुमची माणसं. माघारी फिरलो. माघारी फिरायला नको व्हतं.

त्यांना मी एकदाबी बघितलं न्हाई. रोज चारला त्ये इचारायचे, पेन्सिल काय म्हणती. आन पेन्सिल तितंच खाली गेटवर टेम्पो लावून वॉचमनच्या चपला लपवत व्हती. सहा मजलं तर व्हतं. कवातरी वर यायचं, म्हणायचं, ही बघा पेन्सिल. आजून हसले असते. मला वाटायचं, जाऊ कवातरी.

गेल्या सोमवारपास्नं तुमी अर्धा लिटर सांगितलं. मी माप अर्ध्यावर धरलं. पर हातानं सवयीनं लिटरच वतलं. उरलेलं माघारी कॅनमधी घातलं न्हाई. तुमच्या पातेल्यात लिटरच आलंय, बघितलं आसंल तुमी.

'पत्ता बदलला आहे' मी समदं वाचलं. चार पानं न्हाई, समदं. लई दिवस लागलं. त्यो माणूस मशीनला तेल घालतो आन सुई दोन बोटात धरून उजेडात बघतो, तितं मला थांबायला लागलं. बाई येडी न्हाई. खोडरबर घेऊन मी माझी वळ खोडली, पर कागदावर खूण ऱ्हायलीया. तात्पर्याचं तुमचं बरोबर हाय, शेवटची दोन पानं नको व्हती.

म्याडमनी मला बाकीच्याबी वळी खोडायला लावल्यात. 'हारत्यात' तेवढं हैबतरावांनी ठिवायला सांगितलं. म्हणले, त्ये खरं हाय.

सोबत एक पुस्तक ठिवतोय. पयल्या पानावर काय लिवलेलं न्हाई. मी त्ये उघडलंबी न्हाई, पयलं पान न्हाई का शेवटचं न्हाई. पोर वाचतं का न्हाई, मला म्हाईत न्हाई.

मोठ्यानं वाचायला समोर कुणीतरी लागतं. चारला दूध दिऊन झालं की माझा टेम्पो धुवायचा आसतो, त्यो थांबंल. गेटपाशी बाक हाय, वॉचमनबी ऐकंल, जागा ऱ्हायला तर. तुमाला जमंल त्या दिवशी खाली या. तसलं पान आलं तर चष्मा माझ्याकडं द्या, मी आडखळत का हुईना, वाचीन.

मला मधलं ऐकायचंय.

कान्हू